फोन बाजूला ठेवल्यावर मूल काय मागतं?

"आत्या, बॅटरी पेटली!"

हाक ऐकून मी गच्चीवरच्या कुरडया तशाच टाकून खाली धावले. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वाईहून भाचा सुट्टीला आमच्याकडं सांगलीला आला होता, नुकताच सहावी संपवून. येऊन बघते तर पेटली होती ती लॅपटॉपच्या पडद्यावरची बॅटरी. त्यानं एक तार घेऊन सेलची दोन टोकं थेट जोडली होती. मध्ये दिवा नाही, काही नाही. चित्रातल्या सेलमधून ज्वाळा निघत होत्या आणि हा खूश. तार काढली, ज्वाळा गेल्या. पुन्हा जोडली, पुन्हा आल्या. असं सात-आठ वेळा करून झाल्यावर त्यानं आपणहून मध्ये एक दिवा घातला. दिवा लागला, आग थांबली. मग एकामागं एक दोन दिवे लावले, तर दोन्ही मिणमिणते. मग प्रत्येक दिव्याला सेलपासून स्वतंत्र तार दिली, तर दोन्ही लख्ख.

पाऊण तासानं लॅपटॉप तसाच उघडा टाकून तो माझ्यामागं स्वयंपाकघरात आला. "आत्या, जुनी विजेरी आहे का गं एखादी? खोलून बघायचीय."

मुलांसाठीची साइट चांगली की नाही, हे मी तेव्हापासून या एकाच गोष्टीवरून ठरवते. ती बंद केल्यावर मूल काय मागतं? विजेरी, कात्री, रंग, आजोबा, निदान एखाद्या प्रश्नाचं उत्तर मागितलं, तर साइटनं काम केलं. "अजून पाचच मिनिटं" एवढंच मागत राहिलं, तर ती साइट कितीही 'शैक्षणिक' म्हणवून घेत असो, मला ती नको.

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आमच्या अपार्टमेंटमधल्या वहिनी. "ताई, पोरांसाठी चार चांगल्या साइट्स पाठवा की," म्हणाल्या, म्हणून मी हौसेनं पंधरा लिंका पाठवल्या. आठवड्यानं विचारलं तर एकही उघडलेली नव्हती. चूक माझीच. कोणी बनवलीय, कोणत्या वयाला, उघडल्यावर नेमकं काय करायचं, यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. ते आता नीट सांगते.

फुकट म्हणजे कोणाच्या पैशानं?

साइट चालवायला खर्च येतो. ती बनवणाऱ्या माणसांचे पगार असतात, माहिती साठवणाऱ्या संगणकांचं भाडं असतं. आपण पैसे देत नसलो तर दुसरं कोणीतरी देत असतं. ते कोण, हे कळलं की साइट अशी का वागते हे आपोआप कळतं.

पैसा विद्यापीठाचा, सरकारचा किंवा देणग्यांचा असेल तर मूल दहा मिनिटं थांबलं काय आणि दोन तास थांबलं काय, साइटला फरक पडत नाही. वाचनालयासारखंच. तुम्ही पुस्तक लवकर परत केलंत म्हणून वाचनालयाचं नुकसान होत नाही. पैसा जाहिरातींतून येत असेल तर मात्र गणित वेगळं. मूल जितका वेळ पडद्यासमोर, तितक्या जाहिराती जास्त, तितकी कमाई जास्त. मग एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. कोणता सुरू करायचा हेही संगणक ठरवतो: याआधी हे मूल कशावर जास्त वेळ थांबलं, त्याच्यासारखी इतर मुलं कशावर थांबली, याचा हिशेब मांडून. यात कोणी दुष्टपणा करत बसलेलं नसतं. त्या यंत्राला 'वेळ वाढव' एवढंच काम दिलेलं आहे आणि ते काम ते चोख करतं. आपलं मूल मात्र नऊ वर्षांचं असतं.

तिसरा मार्ग वर्गणीचा. पहिले सात दिवस मोफत म्हणून कार्डाचा नंबर घेतात आणि आठव्या दिवसापासून पैसे कापायला लागतात. वर्गणी घेणाऱ्या काही साइट्स उत्तम असतात, पण खाली मी सांगितलेल्या एकीलाही वर्गणी नाही. आधी त्या बघून घ्या.

साइटच्या पत्त्याच्या शेवटाकडंही लक्ष द्यायला मुलांना शिकवा. 'डॉट जीओव्ही डॉट इन' फक्त भारतातल्या सरकारी साइट्सना मिळतं. 'डॉट ईडीयू' अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्च शिक्षणसंस्थांना. 'डॉट कॉम' आणि 'डॉट ओआरजी' मात्र कोणीही घेऊ शकतं. ओआरजी दिसलं म्हणजे धर्मादाय संस्थाच असेल असं नाही. आणि पत्त्याशेजारचं ते कुलूप? बऱ्याच पालकांना वाटतं की कुलूप दिसलं म्हणजे साइट सुरक्षित. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडचा माणूस चांगला आहे याची हमी ते कुलूप देत नाही.

चुका स्वस्तात करता येतात ती जागा

भाच्याची ती बॅटरीची साइट म्हणजे फेट. शोधताना पी-एच-ई-टी ही इंग्रजी अक्षरं टाका. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं ती चालवलीय. 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये ती सुरू केली. त्यांचं नोबेल ज्या कामासाठी, त्या द्रव्याच्या अवस्थेच्या नावात आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव आहे, हेही मुलांना जरूर सांगा. साइटवर शंभराहून जास्त प्रयोग आहेत. वीज, प्रकाश, अपूर्णांक, अणू, घर्षण, लोलक. काही मराठीतही आहेत. खातं काढावं लागत नाही, जाहिरात नाही, आणि बरेचसे प्रयोग उतरवून घेऊन नेट नसतानाही चालवता येतात.

मला ती आवडते त्याचं कारण वेगळं आहे. सेलची दोन टोकं थेट जोडू नकोस, असं मी भाच्याला शंभर वेळा सांगितलं असतं आणि त्यानं 'हो' म्हटलं असतं. का जोडायची नाहीत, हे त्याला त्या सात-आठ आगींतून कळलं. वर्गात बाई हा प्रयोग करू देणार नाहीत, देऊही नये. पडद्यावर मात्र चूक करून बघायला काहीच पडत नाही. एक गोष्ट त्याच दिवशी त्याला बजावून सांगितली, तुम्हीही सांगा: खरे प्रयोग फक्त दीड व्होल्टच्या सेलवर, भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही.

पडद्यावरून खऱ्या वस्तूंकडं जायला दुसरी साइट लागते, आणि ती आपल्या हाताशीच आहे. अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला गेला, तिथल्या खेड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम बघायला. तिथं आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकार बनवायला घेतले. पुढं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर टाकाऊतून बनवायची शेकडो खेळणी आहेत, फोटो आणि व्हिडिओंसकट, आणि मराठीसह अनेक भाषांतली हजारो पुस्तकं मोफत आहेत.

काड्यांचा तो खेळ आम्ही पहिल्याच दिवशी केला. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोटानं ढकलला की कलतो. चौकोनात एक आडवी काडी घातली की तोही घट्ट. मग भाच्याला समोरच्या गोडाऊनच्या पत्र्याखालची लोखंडी कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, दाखवली. तिच्यात त्रिकोणच त्रिकोण. दोन दिवस तो रस्त्यानं जाताना फक्त छपरं बघत होता.

नंतर मोटार. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, गोल चुंबक आणि वार्निश असलेली तांब्याची तार. सांगलीत तार मिळायला काय अडचण? शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानात गेलो, त्या दादांनी हातभर तुकडा तसाच दिला. सेलभोवती दहा वेढे घालून गुंडाळी केली, दोन्ही टोकं बाजूला काढली, पिनांच्या भोकांत बसवली. गुंडाळी नुसतीच थरथरली, फिरेना. व्हिडिओ पुन्हा पाहिला. चूक सापडली. आम्ही दोन्ही टोकांचं वार्निश पूर्ण खरवडलं होतं. एका टोकाचं पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं फक्त खालच्या अर्ध्या बाजूचं. कारण सोपं आहे. गुंडाळीला पहिल्या अर्ध्या फेरीत चुंबक पुढं ढकलतो, पण उरलेल्या अर्ध्या फेरीत तोच मागं ओढतो. त्या वेळेपुरती वीज तोडली की गुंडाळी आपल्या वेगानं तेवढं अंतर कापते आणि पुन्हा पुढचा धक्का घेते. वार्निशचा तो उरलेला अर्धा भाग म्हणजे एक बटण आहे, दर फेरीला आपोआप बंद-चालू होणारं. हे मी शाळेत पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी, बेचाळिसाव्या वर्षी.

मिरजेपर्यंत पोचवणारी साइट

गुगलची क्रोम म्युझिक लॅब नावाची एक छोटी साइट आहे, 2016 पासूनची. गुगल ही जाहिरातींवर चालणारी कंपनी, तरी या साइटवर जाहिरात नाही आणि खातंही लागत नाही. रंगीत चौकोन भरत गेलं की सूर वाजतात. चार वर्षांच्या मुलालाही जमतं. पण माझी आवडती खोली आहे तारांची. तिथं एक लांब तार छेडायची, मग तिच्या निम्म्या लांबीची. निम्म्या तारेतून येतो वरचा सा. दोन-तृतीयांश लांबी घेतली तर पंचम, तीन-चतुर्थांश घेतली तर मध्यम. म्हणजे पाचवीच्या पुस्तकातले रुक्ष वाटणारे अपूर्णांक कानाला ऐकू येतात.

हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सिटी बस धरून मिरजेला गेलो. सांगलीत राहून मुलांना सतारमेकर गल्ली दाखवली नसेल तर यंदा दाखवाच. हत्यारं बनवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी इथं तंतुवाद्यं करायला घेतली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठाले भोपळे एका बाजूला वाळत पडलेले असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका कारागिरानं भाच्याला तंबोऱ्याच्या तारेवर मधोमध हलकं बोट ठेवायला सांगितलं आणि छेडली. "वरचा सा!" भाचा ओरडला. त्यांना वाटलं मुलगा गाणं शिकतोय. नंतर त्यांनी जवारी कशी काढतात ते दाखवलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानसेनं असा घासायचा की तार त्याला हलकेच चाटून जावी, तेव्हाच तो गुंजणारा आवाज येतो. हे कोणत्याच साइटवर समजत नाही. तिथं बसूनच ऐकावं लागतं.

मराठी वाचायचं असेल तर

इथं आपण मराठी पालक उगाच हात टेकतो. 'मराठीत मुलांसाठी नेटवर काही नाही' हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. खूप आहे.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनसंस्थेचं व्यासपीठ, 2015 मध्ये सुरू झालेलं. चित्रांच्या गोष्टी, जगभरच्या शेकडो भाषांत, मराठीत भरपूर. गोष्टींचे चार स्तर केलेत. पहिल्यात पानावर एखादं-दुसरं वाक्य, चौथ्यात सलग वाचणाऱ्या मुलांसाठी मोठा मजकूर. इयत्ता बघू नका, मूल अडखळतं कुठं ते बघा. दुसरीतलं मूल तिसऱ्या स्तरावर रमू शकतं आणि इंग्रजी माध्यमातल्या पाचवीतल्या मुलाला मराठीचा पहिला स्तरही पुरेसा असतो, त्यात कमीपणा काही नाही. गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून तुम्ही त्या छापू शकता, वाटू शकता, दुसऱ्या भाषेत नेऊ शकता, कोणाची परवानगी मागायला नको. शाळेला चार गोष्टी छापून वर्गात टांगायच्या असतील तर खुशाल टांगा.

आमच्या वहिनींच्या आठवीतल्या मुलीनं एक पाऊल पुढं टाकलं. तिनं एक इंग्रजी गोष्ट मराठीत आणायला घेतली. पावसाची गोष्ट. एका शब्दावर गाडी अडली. अगदी हलक्या पावसाला काय म्हणायचं? तिनं 'हलका पाऊस' लिहिलं होतं. आजी म्हणाल्या, हलका कसला, कोणता ते सांग. भुरभुर, झिमझिम, की रिपरिप? रिपरिप थांबत नाही आणि वैताग आणते. झिमझिम सुखाची. भुरभुर तर अंगावर पडलेली कळतसुद्धा नाही. त्या पोरीनं मराठीच्या पेपरासाठी कधी एवढी डोकेफोड केली नव्हती. शेवटी 'भुरभुर' ठरली.

किशोर मासिक आठवतंय? बालभारतीनं 1971 च्या बालदिनी सुरू केलेलं. माझ्याकडं लहानपणचे अंक बांधून ठेवलेले होते. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या तळमजल्यावर चढलं, त्यात ते गेले. लगदा झाला होता. बालभारतीनं जुने अंक स्कॅन करून साइटवर मोफत ठेवलेत, हे मला त्यानंतर कळलं. त्यातलं एक मुखपृष्ठ ओळखीचं निघालं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. मुलांना ते जुने अंक आवडतात, निदान कोडी आणि चित्रकथा तरी. बालभारतीच्याच साइटवर पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तकंही आहेत, आणि पुस्तकातले चौकोनी क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं.

भाच्याला खरा धक्का बसला तो मराठी विश्वकोश उघडल्यावर. 'चुंबकत्व' शोधता शोधता आम्ही तिथं पोचलो. हा विश्वकोश तयार झाला त्याच्या वाईत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी तिथं बसून तो उभा केला, पहिला खंड 1976 मध्ये आला, आता वीस खंड नेटवर मोफत वाचता येतात. त्याच घाटावर, त्याच कृष्णेकाठी तो रोज क्रिकेट खेळतो आणि त्याला पत्ताच नव्हता. विश्वकोशाची भाषा जड आहे, मूल एकटं सोडलं तर दोन ओळींत उठेल. शेजारी बसा, पहिला परिच्छेद तुम्ही वाचा, सोपा करून सांगा. कुमार विश्वकोश थोडा सोपा पडतो.

करून बघायचे खेळ

स्क्रॅचबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, कोडिंग क्लासच्या जाहिरातींमुळं. क्लास लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं बनवलेली ही साइट 2007 पासून मोफत आहे, आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरची नारिंगी मांजर त्याप्रमाणं वागते. आमच्या इथल्या मुलांनी वरून पडणारे भडंगातले शेंगदाणे टिपणारी मांजर केली. साधा खेळ, पण त्यात काय काय आलं बघा. शेंगदाणा सतत खाली येत राहिला पाहिजे: झाली पुनरावृत्ती. मांजरीला लागला तरच गुण: झाली अट. गुण कुठंतरी साठवले पाहिजेत: झाला चल, म्हणजे व्हेरिएबल. हे शब्द न उच्चारता दहा वर्षांची मुलं त्यावर तावातावानं भांडत होती. दुसऱ्यानं केलेला खेळ आतून उघडून बघता येतो, बदलता येतो, ही तर त्यातली सगळ्यात मोठी शाळा. फोनच्या छोट्या पडद्यावर ठोकळे जुळवणं त्रासाचं होतं, संगणक किंवा टॅबलेट हवा. संगणकावर उतरवून घेतलं तर नेटशिवायही चालतं. पाच ते सात वयाच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर वेगळं आहे, त्यात वाचावं लागत नाही.

बुद्धिबळासाठी लीचेस. सांगलीकरांना बुद्धिबळाचं वेगळं सांगायला नको, भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्या घडवल्या. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला आणि गल्लीतल्या मुलींनी अडगळीतले पट काढले. लीचेस फ्रान्समधली एक ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते. सगळं मोफत, जाहिरात नाही. सोंगट्यांच्या चालींपासून शिकवणारा भाग आहे, हजारो कोडी आहेत. मुलाचं खातं काढलंत तर सेटिंगमध्ये जाऊन 'किड मोड' चालू करा. मग अनोळखी माणसांशी गप्पा आणि निरोप सगळे बंद होतात, फक्त डाव उरतो.

बाकीच्या घाईत सांगते. गणितात मागं पडलेल्या मुलासाठी खान अकॅडमी, ना-नफा, हिंदीतही आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर नासाची स्पेस प्लेस. रात्रीच्या आकाशासाठी स्टेलॅरियम. थंडीत मृग आणि व्याध दाखवा, मग अंगणात जाऊन खरे शोधा. दोन ते दहा वयासाठी जीकॉम्प्री, शंभरावर छोटे खेळ, एकदा उतरवले की नेट नको. आणि सप्टेंबरात कासला जाणार असाल तर सीक हे ॲप: फुलावर कॅमेरा धरला की नाव सांगतं, खातं मागत नाही. नेमकं ओळखता आलं नाही तर नुसतं कुळ सांगून थांबतं, हा त्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. फूल तोडायचं नाही, लांबूनच बघायचं, हे मात्र ॲप सांगत नाही.

'तेरा वर्षं पूर्ण आहेत का?'

हा प्रश्न बहुतेक साइट्स विचारतात आणि बहुतेक मुलं खोटं उत्तर देतात, बऱ्याचदा आईबाबांच्या देखत. तेरा हा आकडा आला अमेरिकेच्या 1998 च्या एका कायद्यातून. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी, असं तो सांगतो. ती कटकट नको म्हणून कंपन्यांनी तेराखालच्यांना दारच बंद केलं. आपल्याकडं 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होतेय.

खोट्या जन्मसालाचा तोटा लगेच होतो. नऊ वर्षांच्या मुलीनं 1995 लिहिलं की साइटच्या लेखी ती तिशीची बाई होते. मग तिला जाहिराती, शिफारशी, गप्पांचे निरोप, सगळं तिशीच्या बाईचं येतं. मुलांसाठी घातलेली कुंपणं तिच्यापुरती उठतात. त्यामुळं वय खरं लिहा, आणि साइट नाही म्हणाली तर नाही. खरं नाव, शाळा, गणवेशातला फोटो, फोन नंबर कुठंच द्यायचा नाही. कोणी ऑनलाइन त्रास दिला तर मुलानं पहिल्यांदा तुमच्याकडं यावं, म्हणून त्या क्षणी फोन काढून घेण्याची शिक्षा करू नका. काढून घेतलात तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. मुलांच्या मदतीसाठी 1098, सायबर फसवणुकीसाठी 1930.

वेळ किती? जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय: दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. मोठ्या मुलांसाठी मला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पटतं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मोठ्यांचेसुद्धा. मुलं अभ्यासाला बसतात. 'मोठ्यांचेसुद्धा' हे त्यातलं कळीचं. आमच्या घरी भोंगा नाही, पण जेवणाची पानं मांडली की सगळे फोन फ्रिजवर, असं चाललंय. आठवड्यातले दोन दिवस मी विसरते, भाचा आठवण करून देतो.

आणि घरात एकच फोन असेल, तोही बाबांबरोबर दिवसभर कामावर जात असेल तर? रात्री फोन घरी आला की अर्ध्या तासात उद्याची एखादी गोष्ट उतरवून ठेवायची, खेळण्याची कृती वहीत लिहून घ्यायची. दुसऱ्या दिवशी फोन नसताना खेळणं बनवायचं. खरं तर बनवताना फोन जवळ नसलेलाच बरा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचा वाईच्या एसटीत बसला. मोटार भडंगाच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून दिली होती. रात्री त्याचा फोन आला, आवाज काळजीचा. "आत्या, मोटार उलटी फिरतीय. बाबा म्हणतात बिघडली."

"सगळं होतं तसंच आहे?"

"हो. फक्त चुंबक निघाला होता, तो परत बसवला." थोडा वेळ शांतता. "पालथा बसला असंल बहुतेक."

"मग?"

"थांब, आता सेल पण उलटा करून बघतो," म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवून गेला.